मेहकरचा शारंगधर आणि इंग्रजी अंमल

कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लागते. आख्यान म्हटले की आम्ही कीर्तनकार पुराणांकडे धावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या पायाखालच्या मातीतही आख्याने पडलेली असतात, तिकडे सहसा लक्ष जात नाही. शेगावची पालखी पंढरीहून परत फिरते ती लोणारवरून मेहकरास येते. वारकरी पैनगंगेवर हातपाय धुतात, शारंगधराचे दर्शन घेतात आणि जानेफळाची वाट धरतात. हा शारंगधर एकदा विलायतेला जायचा होता आणि गावकऱ्यांनी त्याला राहवून घेतले, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. साहेबाला गावाने कसे चकविले, अशा रंगात ती गोष्ट सांगतात, लोक हसतात, टाळ्या वाजवितात आणि पुढे जातात. आमचे म्हणणे एवढेच की, या गोष्टीत चकविण्याचा भाग थोडा आणि शिकण्याचा भाग फार आहे. त्या वेळी येथे राज्य कोणाचे होते, कायदा काय म्हणत होता आणि गावकऱ्यांचे कृत्य टिकले का, हे या पाठात क्रमाने पाहू.

१. कथाभाग

इ. स. १८८८, म्हणजे शके १८१०. मेहकर येथे जमीन खणताना भगवान विष्णूंची मूर्ती निघाली. मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी, चतुर्भुज, आणि उंचीने सुमारे अकरा फूट. माणसाने मान वर करूनच पाहावे अशी. आज लोक तिला बालाजी म्हणतात, पण नाव शारंगधर. या नावाचा अर्थ ध्यानी घ्यावा. शृंग म्हणजे शिंग. शृंगापासून झालेले ते शार्ङ्ग, हे विष्णूच्या धनुष्याचे नाव. ते धारण करणारा तो शार्ङ्गधर. बोलताना आपण त्याचा शारंगधर केला. मेघंकर नावाच्या दैत्याचा शारंगधराने वध केला आणि त्या दैत्यावरून गावाचे नाव मेहकर पडले, अशी येथील स्थलकथा आहे. म्हणजे गावाचे नाव आणि देवाचे नाव एकाच कथेत गुंफलेले.

आता पुढचा भाग मेहकरात सांगतात तो असा. मूर्ती निघाल्याची वर्दी सरकारात गेली. अशी मूर्ती साहेबलोकांच्या नजरेत भरली नसती तरच नवल! ती विलायतेला नेण्याचा विचार चालला आहे, ही कुणकुण गावात लागली. वरून हुकूम येण्याच्या आत गावकरी एकत्र झाले, मूर्ती उभी केली, रातोरात प्राणप्रतिष्ठा केली आणि पूजा सुरू झाली. सरकारी माणसे आली तेव्हा त्यांच्यापुढे सापडलेला दगड नव्हता, पूजेतला देव होता. त्यांना हात आखडता घ्यावा लागला. ही कथा मुखोमुखी चालत आलेली आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा इकडेतिकडे होतो, कणा मात्र हाच.

२. वऱ्हाड तेव्हा कोणाचे होते?

येथे श्रोते नेहमी म्हणतात, "महाराज, इंग्रजांचे, दुसऱ्या कोणाचे?" थांबा. उत्तर इतके सोपे नाही.

मेहकर हे जुने ठाणे. अकबर बादशहाच्या आईने अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांपैकी एक सरकार म्हणून त्याची नोंद आहे. पुढे वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे आले. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी एक फौज पोसली होती, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. शिपाई निजामाच्या पैशाचे, हुकूम इंग्रजांचा! पगार थकत गेला, कर्ज चढत गेले, आणि १८५३ साली लॉर्ड डलहौसीच्या वेळी त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. १८६० साली दुसरा तह झाला, त्यात धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र परत गेले नाही. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी ते परत मागण्याची पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लक्ष रुपये देण्याच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला, आणि १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडले.

आपल्या शेतकरी वाचकांना हे चटकन कळेल. शेत गहाण टाकले. सातबारा एकाच्या नावाने, वहिवाट दुसऱ्याची. १८८८ साली वऱ्हाडची अशीच अवस्था होती. नावाचा धनी निजाम, वहिवाट इंग्रजांची, आणि कारभारावर देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपोआप चालत नसे, तो वेगळ्या हुकमाने लावावा लागे. मेहकर हा तेव्हा बुलढाणे जिल्ह्याचा एक तालुका, चिखली आणि मलकापूर हे दुसरे दोन.

गहाणाचे शेत धनको कसे पाहतो? पीक किती येते, एवढे पाहतो. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' हे आपण अभिमानाने म्हणतो. ते सोने इंग्रजांनीही ओळखले, त्यांच्या लेखी ते पांढरे होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. आगगाडी आली. खामगावच्या कापसासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला, तो १८७० साली सुरू झाला. शेतांची मोजणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला. पण ज्या मातीने विलायतेला कापूस पुरविला त्या मातीतली माणसे १८९९-१९०० च्या दुष्काळात अन्नावाचून गेली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २८ लक्ष ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती सुमारे २७ लक्ष ५४ हजार भरली. दहा वर्षांत वस्ती वाढावयाची ती घटली. तेव्हा शारंगधर वर आला तो अशा काळात, हे विसरू नये.

३. साहेबाची दृष्टी

साहेब वाईट आणि आपण चांगले, असा सरसकट निवाडा आम्ही देत नाही. साहेबलोकांत अभ्यासू माणसे होती. आल्फ्रेड लायल नावाचे गृहस्थ पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर होते. त्यांनी १८७० साली वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले. वऱ्हाडातील देवदैवतांवर त्यांनी जो निबंध लिहिला तो त्यांच्या 'एशियाटिक स्टडीज' या १८८२ च्या ग्रंथात आहे. गावोगावचे देव कसे उभे राहतात, साधुपुरुषाच्या समाधीला देवपण कसे येते, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. पुराणवस्तूंची पाहणी करण्यासाठी १८६१ साली वेगळे खाते निघाले, आणि हेन्री कझेन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील जुन्या वास्तूंची यादी १८९७ साली छापली. या श्रमांचे ऋण नाकारू नये.

तरीपण दृष्टीत भेद आहे. शेत मोजले, देऊळ मोजले, मूर्ती मोजली. मोजून नोंदले. आणि नोंदलेल्यापैकी जे अपूर्व वाटले ते उचलून नेले. वस्तू म्हटली की ती उचलता येते, विकता येते, काचेच्या कपाटात ठेवता येते. १८७८ साली जमिनीतल्या ठेव्याचा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर सापडणाऱ्याने कलेक्टराला लेखी कळवावे, मग चौकशी व्हावी, आणि सरकारला ते घ्यावयाचे झाले तर मालाची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यावे, असे त्यात आहे. कायदा म्हणून यात गैर काही नाही. पण त्याच्या कोष्टकात मोहोरांचा हंडा आणि भगवंताची मूर्ती एकाच रकान्यात बसतात, हे पाहावे.

मेहकरकरांची भीती पोकळ होती काय? नव्हती. बिहारात गंगातीरी सुलतानगंज म्हणून गाव आहे. श्रावणात लाखो भाविक तेथून गंगेची कावड भरून वैद्यनाथाला जातात. तेथे १८६१ साली आगगाडीचे काम चालू असता तांब्याची बुद्धमूर्ती निघाली. उंची साडेसात फूट, वजन पाचशे किलोच्या वर. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या एका व्यापाऱ्याने नेण्याचा खर्च सोसला आणि मूर्ती तिकडे गेली. आज दीडशेहून अधिक वर्षे झाली, ती बर्मिंगहॅमच्या संग्रहालयाची आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगड १८५९ साली लंडनला रवाना झाले, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मेहकरच्या लोकांना सुलतानगंज ठाऊक असेल नसेल. पण गेलेली वस्तू परत येत नाही, एवढे गहाणवटीत राहिलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

४. प्रतिष्ठेने काय बदलले?

आता पाठाच्या मर्माकडे येऊ. दगड तोच, उंची तीच, कोरीव काम तेच. एका रात्रीत बदलले काय?

शास्त्र सांगते की, मूर्ती घडविली म्हणजे देव झाला असे नाही. जलाधिवास, धान्याधिवास, न्यास, नेत्रोन्मीलन आणि प्राणप्रतिष्ठा, या संस्कारांनी तिच्या ठिकाणी देवत्वाचे आवाहन होते. त्यानंतर ती कोणाची मालकीची वस्तू राहत नाही. उलट देवाचे घर, देवाचे शेत, देवाची भांडी, असा व्यवहार सुरू होतो. मालक देव, आपण सेवेकरी. पूजा खंडित झालेली मूर्ती पुन्हा संस्कार करून पूजेत आणण्याचा विधीही शास्त्रात आहे. म्हणजे मेहकरकरांनी नवे काही काढले नाही. जो विधी हाती होता तो वेळेवर केला, एवढेच.

मग साहेब मागे का सरला? येथे इतिहासाचे दुसरे पान उघडावे लागते. कंपनी सरकार पूर्वी मोठमोठ्या देवळांचा कारभार स्वतः पाहत असे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी विलायतेत ओरड केली की, आपले सरकार मूर्तिपूजेचे पुजारी झाले! सरकारने हळूहळू अंग काढून घेतले. तशात १८५७ चा वणवा पेटला. धर्माला हात लावला की काय होते हे राज्यकर्त्यांना कळले. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने वचन दिले की, प्रजेच्या धर्मात आणि पूजेत आमचे अधिकारी ढवळाढवळ करणार नाहीत. १८६३ च्या कायद्याने देवस्थानांचा कारभार सरकारकडून काढून पंचांच्या स्वाधीन केला.

पाहा, कशी गाठ पडली! मिशनऱ्यांना देवळाशी संबंध नको होता, सरकारला दुसरे सत्तावन नको होते, आणि मेहकरकरांना आपला देव हवा होता. पूजा सुरू झाली की राणीचे वचन लागू. न पुजलेली मूर्ती नेली तर कोणाचे काही जात नाही; पुजलेली नेली तर साऱ्या वऱ्हाडात बोभाटा. आमच्या मते साहेबाला कोणी चकविले नाही. साहेबाचाच शब्द त्याच्यापुढे धरला. त्यासाठी शस्त्र उचलावे लागले नाही, खोटे बोलावे लागले नाही.

पुढे कायद्यानेही हीच वाट धरली. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा १९०४ साली कर्झनच्या वेळी झाला. त्यात सरकारला जुन्या वास्तू सक्तीने विकत घेण्याचा अधिकार दिला; पण ज्या वास्तूत वेळोवेळी धर्मकृत्य होते तिला तो अधिकार चालणार नाही, असे स्पष्ट लिहिले. मेहकरच्या प्रतिष्ठेनंतर सोळा वर्षांनी हे शब्द कागदावर आले. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. वाद असा की, घरचा देव एका भाऊबंदाने आपल्या घरी हलवावा की नाही? निर्णय झाला की, देव हा कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, त्याला जंगम मालमत्तेसारखे मानता येणार नाही. त्याने कोठे राहावे याबाबत त्याच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी निःपक्ष माणूस नेमावा. आमच्या पाठशाळेत हे सांगितले असते तर गुरुजी म्हणाले असते, "मग आम्ही दुसरे काय सांगत होतो?"

आणखी एक दाखला. तमिळनाडूत पाथूर गावी १९७६ साली जमिनीतून नटराजाची मूर्ती निघाली. ती चोरवाटेने लंडनला पोचली, पोलिसांनी धरली, खटला झाला. पाथूरचे देऊळ तेव्हा मोडकळीस आलेले. तरी त्या देवळाचा दावा लंडनच्या न्यायालयांनी १९८८ आणि १९९१ साली मान्य केला, आणि १९९१ साली नटराज स्वदेशी आला. मेहकरच्या गोष्टीला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.

५. शंका-समाधान

शंका पहिली: मूर्ती संग्रहालयात गेली असती तर तिची निगा राहिली असती, अभ्यास झाला असता. गावात काय झाले?

समाधान: निगा राखणे हे संग्रहालयाचे मोठे काम आहे, त्याला नावे ठेवू नयेत. ज्या मूर्तीला देऊळ नाही, पूजक नाही, वारस नाही, तिला संग्रहालय हेच घर. परंतु ज्या गावाचे नावच त्या देवाच्या कथेत आहे, त्या गावातून तो उचलला तर मागे राहते काय? आणि अभ्यास करणाऱ्याला मेहकरची वाट बंद नाही.

शंका दुसरी: देव सर्वव्यापी आहे. मेहकरात काय आणि लंडनात काय?

समाधान: हा प्रश्न वेदान्त्याला शोभतो, वारकऱ्याला नव्हे. सर्वव्यापी आहे म्हणून आपण पंढरीची वाट चालणे सोडतो काय? विजयनगरला गेलेला विठ्ठल भानुदासांनी परत आणला, असे आपण परंपरेने मानतो. नाथांचे ते पणजोबा. तो कृष्णदेवरायाच्या राज्यातही देवच होता. पण विटेवरची जागा रिकामी पडली होती. सर्वव्यापीपण हे देवाचे वैभव, एका ठिकाणी उभे राहणे ही त्याची कृपा. भक्ताला कृपेशी काम.

शंका तिसरी: मग आज कोठे मूर्ती निघाली तर मेहकरप्रमाणे रातोरात प्रतिष्ठा करावी काय?

समाधान: मुळीच नाही, आणि हे सर्वांनी नीट ऐकावे. तेव्हा हुकूम परक्याचा होता. आज राज्य आपले आहे, आणि तो १८७८ चा कायदा अजून चालू आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने प्राचीन मूर्ती देशाबाहेर नेणे बंद केले. जून २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिजाऊसाहेबांच्या सिंदखेडराजात, लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूंची मूर्ती निघाली, सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि एक मीटर उंच. ती शास्त्रशुद्ध रीतीने खणली म्हणून किती खोलीवर, कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे सारे कळले. घाईने ओढून काढली असती तर देव मिळाला असता आणि त्याची हकीकत मातीत गेली असती. म्हणून आधी तहसीलदाराला कळवावे. देव गावातच राहावा असे वाटत असेल तर तशी मागणी एकमताने, लेखी करावी. तो आपला हक्क आहे.

६. बोध

शारंगधर मेहकरात राहिला तो एका रात्रीच्या विधीने राहिला, असे आम्ही समजत नाही. विधी एका रात्रीचा होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकडा झाला नसता, तिसऱ्या दिवशी नैवेद्य चुकला असता, महिन्याने दिव्यात तेल उरले नसते, तर साहेब पुन्हा आला असता आणि म्हणाला असता, "हा तर दगडच आहे." पिढ्यान्‌पिढ्या पूजा चालली म्हणून प्रतिष्ठा खरी ठरली. राणीचे वचन, कर्झनचा कायदा, प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा, सर्वांचा टेकू एकाच गोष्टीवर आहे: पूजा चालू आहे काय?

हाच प्रश्न आता आपण आपल्याला विचारावा. वऱ्हाडात गावोगाव बाभळीखाली, विहिरीच्या काठाला, पडक्या हेमाडपंती देवळात मूर्ती पडल्या आहेत. कोणाचा हात तुटलेला, कोणावर शेंदराचे थर. त्यांना ना दिवा, ना नोंद. विलायतेचा साहेब गेला, पण रात्री गाडी घेऊन येणारा चोर आहे, आणि त्याला गिऱ्हाईकही आहे. मूर्ती गेल्यावर गाव म्हणते, "होती बुवा येथे एक." कशी होती? केवढी होती? हातांत काय होते? कोणाला सांगता येत नाही, आणि ज्याचे वर्णन नाही ते मागायचे कसे? पाथूरचा नटराज परत आला तो ओळख पटली म्हणून.

सबब वारकरी बंधुभगिनींना विनंती की, दिंडी ज्या गावी मुक्कामाला उतरेल तेथील भजनी मंडळाला एवढे सांगावे. गावातल्या प्रत्येक जुन्या मूर्तीचे चारही बाजूंनी छायाचित्र काढावे, उंची-रुंदी मोजावी, हातांतली आयुधे क्रमाने लिहावी, आणि तो कागद ग्रामपंचायतीत व पोलिस ठाण्यात ठेवावा. विष्णूच्या चोवीस मूर्तींत शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या क्रमावरूनच नाव ठरते, म्हणून क्रम चुकवू नये. जुन्या पाषाणावर तैलरंग किंवा शेंदूर चढवू नये. एकादशीला तेथे अर्धा तास भजन करावे, दिवा लावावा. साहेबापासून मोजणे आणि नोंदणे शिकण्यासारखे होते, ते आपण शिकावे. नेणे तेवढे त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.

पुढच्या वेळी मेहकरास शारंगधरापुढे उभे राहाल तेव्हा मान वर करून मूर्ती पाहा, आणि तेथील कोणा वृद्धाला ही गोष्ट विचारा. तो आपल्या परीने सांगेल. त्याने सांगितलेले लिहून घ्या, खाली तारीख घाला आणि जपून ठेवा.

रामकृष्णहरी.